‘सगळ्यांनी सही केली, तुझंच काय अडतं?’

पत्र जालन्याहून आलं आहे. लिहिणारी पंचवीस-सव्वीस वर्षांची, परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकलेली, एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये काम करणारी. ओळख पटेल असा तपशील मी गाळला आहे. मुख्य मजकूर असा:

“नमस्कार काका,

आमच्या लॅबमध्ये आम्ही पाच जण. सोयाबीनच्या एका लॉटची, म्हणजे एका खेपेच्या बियाण्याची, उगवण मी मोजली. पाचव्या दिवशीची पहिली मोजणी, आठव्या दिवशीची शेवटची. ओल्या कागदात गुंडाळलेल्या शंभर-शंभर दाण्यांचे चार रोल: ६१, ६६, ६३, ६६. सरासरी ६४. उरलेल्या ३६ मध्ये २३ ॲबनॉर्मल, म्हणजे उगवलेली पण धड नसलेली रोपं, आणि १३ डेड. शीट भरून सरांच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी नवीच शीट माझ्यासमोर आली. अक्षर सरांचं, आकडा ७२, आणि ‘मोजणी करणार’ या रकान्यात माझ्या सहीपुरती जागा मोकळी. विचारलं तर म्हणाले, ‘तू फार कडक मोजतेस. ॲबनॉर्मलमधले निम्मे नॉर्मलच असतात.’ पण त्यांनी रोल उघडूनही पाहिले नव्हते, आणि तोवर ते फेकूनही झाले होते.

डोकं दुखतंय म्हणून मी त्या दिवशी सही टाळली. मग आमचे दादा समजवायला आले. ते लॅबमध्ये सगळ्यात जुने, मला काम त्यांनीच शिकवलं. म्हणाले, ‘सगळ्यांनी आजवर केल्या सह्या, तुझंच काय अडतं? डीलरचं बुकिंग झालंय. लॉट अडला तर सगळ्यांचा इन्सेन्टिव्ह अडतो. टीम म्हणून राहावं लागतं.’ त्यांची मुलगी लातूरला नीटच्या क्लासला आहे, होस्टेलची फी थकलीय. मला हे माहीत आहे, म्हणून जास्तच त्रास होतो.

तेव्हापासून डब्याला मला कुणी हाक मारत नाही. लॅबचा एक नवा व्हॉट्सॲप ग्रुप झालाय, त्यात मी नाही. मॅनेजर म्हणाले, ‘तू टीम प्लेयर नाहीस.’ घनसावंगीकडं आमची चार एकर जमीन, पेरा सोयाबीनचाच. बाबांना फोनवर सांगितलं तर तेही म्हणाले, ‘साहेब म्हणतेत तर कर बाई. आपल्याला काय करायचंय.’ २०२० साली याच बाबांना दुबार पेरणी करावी लागली होती.

सही करू का? नाही केली तर ती टीमशी गद्दारी होते का? की सरळ राजीनामा देऊ? तुम्ही बियाणे तपासणीत नोकरी काढलीय म्हणून तुम्हाला विचारते. मला एकेरीच लिहा.”

सही करू नकोस. राजीनामाही देऊ नकोस, निदान मिरगापर्यंत तरी नको. मधला प्रश्न गद्दारीचा. तुझी झोप त्यानंच उडवलेली दिसते, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

पण आधी तुझ्या मोजणीवरच थोडा संशय घेऊ. रागावू नकोस, तुझ्या बाजूनं बोलायचं तर आधी तुझी बाजू पक्की हवी. सोयाबीनच्या रोलमध्ये वाद कधीच मेलेल्या बियावर होत नाही. ते बोटानं दाबलं की पिचतं, वास मारतं, कुणालाही कळतं. वाद होतो तो ॲबनॉर्मलवर. रोप उभं आहे, मूळ फुटलंय, पण एका बीजपत्राचा तुकडा पडलाय. किंवा बीजपत्राखालच्या दांड्याला चीर आहे. नवीन माणूस असं प्रत्येक रोप बाजूला काढतो. नियम तसा नाही. दोन्ही बीजपत्रं मिळून निम्म्याहून जास्त भाग शाबूत असेल आणि बाकी रोप धड असेल, तर ते नॉर्मल. चीर वरवरची असेल, भरून आली असेल, तर नॉर्मल. आतल्या अन्नवाहिन्यांपर्यंत गेली असेल, तर नाही. आणखी एक बघ. तुमच्याकडं रोलचे कागद भिजवून नीट निथळतात का? सोयाबीनला पाणी जास्त झालेलं सोसत नाही. कागद पिळल्यावर पाणी गळत असेल तर चांगलं बीही त्यात गुदमरतं आणि दोष लॉटला लागतो.

तेव्हा तुझे ६४ कुणी जाणत्यानं मोजले असते तर ६६ निघाले असते, कदाचित ६७. सरांच्या ‘कडक मोजतेस’मध्ये तेवढं तथ्य असू शकतं, आणि ते तू मोकळेपणानं मान्य करावंस. पण त्यांनी रोल पाहिलेच नाहीत. रोप न बघता बदललेल्या आकड्याला मी मतभेद म्हणणार नाही. त्यांनी रोल उघडून, तुझ्या शेजारी बसून, एकेक रोप हातात घेऊन ७२ काढले असते तर मी तुला ‘शिकून घे आणि सही कर’ असंच लिहिलं असतं.

आता हा आकडा बाहेर जाऊन काय करतो ते बघ. तुला हे ठाऊक असणारच, पण लॅबमध्ये बसून त्याचा विसर पडतो. सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग लागतो, त्यामागं प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी असते. कंपनी स्वतःच्या लेबलवर जे सत्यप्रत बियाणं विकते, त्या ७०च्या मागं बाहेरचं कुणी उभं नसतं. तिथं फक्त तुमची लॅब आहे. शंभर दाण्यांचं वजन साधारण १२ ग्रॅम धरलं तर ३० किलोच्या बॅगेत अडीच लाख दाणे होतात. एकरी एक बॅग पेरून सत्तर टक्के उगवले तर पावणेदोन लाख रोपं मिळतात, शिफारशीप्रमाणं एकराला तेवढीच लागतात. म्हणजे या हिशोबात वरकड काही ठेवलेलंच नाही. ६४ म्हणजे बॅगेमागं पंधरा हजार रोपं कमी, आणि तीही लॅबच्या २५ अंशात, ओल्या कागदात. रानात पेरणीनंतर एक जोराचा पाऊस पडून वरची माती धरली, की अशक्त बी आधी जातं. तुझे २३ ॲबनॉर्मल तर रानात धरायचेच नाहीत.

२०२० मध्ये काय झालं ते तुझ्या बाबांना विचारायला नको. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या तोंडावर पाऊस झाला, बियाण्याचं सोयाबीन भिजलं, आणि पुढच्या जूनमध्ये मराठवाडाभर उगवणीच्या तक्रारी झाल्या. बातम्या वाचून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. पाऊस कुणाच्या हातात नव्हता. भिजलेलं बी सत्तरच्या खाली आहे हे पेरणीआधी सांगणं मात्र लॅबच्या हातात असतं.

आता टीमबद्दल. दादा म्हणतात ती टीम पाच जणांची, एका खोलीतली. ती टीमच आहे, मी नाकारत नाही. एकमेकांच्या शिफ्ट सांभाळता, कुणाच्या घरी अडचण आली तर रजिस्टर लिहून देता. पण बियाण्याच्या कामात टीम त्या खोलीत संपत नाही. ज्याच्या रानात बीजोत्पादन झालं तो शेतकरी, मळणीवर उभा राहिलेला तुमचा प्रॉडक्शनचा माणूस, ग्रेडिंगचा ऑपरेटर, पोती उचलणारे हमाल, गोदामकीपर, पॅकिंगच्या बाया, हे सगळे तुझ्या आधी किंवा नंतर त्याच लॉटला हात लावतात. त्यांच्यापैकी कुणालाच बी आतून कसं आहे ते दिसत नाही. तुला दिसतं. लॅब ठेवलेली आहे ती त्यासाठी.

तुझ्या पत्रातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला तपशील तू सहज लिहून गेलीस. २३ ॲबनॉर्मल, १३ डेड. हे ॲबनॉर्मल कसले होते? तुटलेली बीजपत्रं आणि चिरलेले दांडे जास्त असतील तर या लॉटला मार बसलाय. सोयाबीनचं टरफल पातळ, आतलं अंकुर जवळजवळ उघड्यावरच. मळणीच्या वेळी ओलावा १३-१४ टक्के असताना ड्रमचे फेरे मिनिटाला ३००-४०० च्या पुढं गेले, ग्रेडिंगच्या एलिव्हेटरवरून बी उंचावरून आपटलं, हमालांनी पोती थप्पीवरून खाली टाकली, यातलं काहीतरी घडलेलं असणार. याउलट मेलेली, बुरशी धरलेली बियाणी जास्त असती तर काढणीला भिजलेलं किंवा ओलसर साठवलेलं असा अंदाज निघाला असता. दोन्हींचे उपाय वेगळे.

७२ लिहिलं की हे सगळं पुसलं जातं. मळणीवाल्याला कळत नाही की ड्रम हळू करायला हवा होता. ग्रेडिंगच्या पोराला कळत नाही की त्याच्या एलिव्हेटरखाली बी फुटतंय. त्यांच्या लेखी लॉट पास झाला, म्हणजे काम चोख झालं. पुढच्या हंगामात ते तसंच करतील, पुन्हा ६४ येतील, पुन्हा कुणीतरी ७२ लिहील आणि पुन्हा तुझ्यासारख्या एखाद्या मुलीच्या पुढं शीट सरकवली जाईल. मग सांग, सहकाऱ्यांना अंधारात कोण ठेवतंय? दादांचा युक्तिवाद मला यासाठी पटत नाही. पाच जणांना सांभाळायला ते बाकीच्या पन्नास जणांना त्यांचं स्वतःचं काम कसं झालं हेच कळू देत नाहीत. शेतकरी तर या हिशोबात अजून आलेलाच नाही.

‘आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य ज्या कंपनीत जास्त ऐकू येतं, तिथं पगारवाढीच्या वेळी कुटुंब कुठं जातं ते बघून ठेवावं, एवढं जाता जाता लिहितो.

आता करायचं काय. ‘नाही’ म्हणून गप्प बसलीस तर तू लॉट अडवणारी ठरतेस. त्यामुळं ‘नाही’च्या सोबत ६४ चं पुढं काय करता येईल तेही घेऊन जा. तुझ्याकडं कामाची चार हत्यारं आहेत, आणि मिरगाला अजून अवकाश आहे.

एक, फेरचाचणी. गार्ड सॅम्पल, म्हणजे लॉटचा राखून ठेवलेला नमुना, काढा, नव्यानं चार रोल लावा. यावेळी दोन रोल तू मोज, दोन दादांनी मोजावेत, आणि दोघांनी आपापले आकडे लिहून झाल्यावरच कागद एकत्र करावेत. दुसरं, लॅबमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असेल तर शंभर दाणे त्यात काही मिनिटं भिजव. टरफल फुटलेले दाणे टम्म फुगतात. फुगलेले मोज. पाव तासात मार किती बसलाय ते कळतं, आणि ही चाचणी ग्रेडिंगच्या माणसाला समोर उभं करून दाखवता येते. शीटवरच्या आकड्यावर कुणीही वाद घालतो, फुगलेल्या दाण्यांवर घालत नाही. तिसरं, ग्रॅव्हिटी सेपरेटरवरून लॉटचा थोडा भाग पुन्हा काढून त्याची उगवण बघा. हलकं, तुकडा पडलेलं बी निघून गेलं तर उरलेला माल सत्तरच्या वर जाऊ शकतो. वजनात घट येईल, मॅनेजर कुरकुरतील, पण लॉट पूर्ण जाण्यापेक्षा ते परवडतं. चौथं, बुरशी दिसत असेल तर बुरशीनाशक चोळलेल्या नमुन्याची वेगळी चाचणी लावा, कधीकधी फरक पडतो. आणि यातलं काहीच जमलं नाही तर तो माल बियाणं नाही, धान्य आहे. तो मोंढ्यावर जाईल. मात्र बीजप्रक्रिया झालेलं असेल तर तोही रस्ता बंद. औषध चोळलेलं सोयाबीन तेलगिरणीत किंवा खाण्यात जाता कामा नये, यावर लॅबनं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं पाहिजे. म्हणून प्रक्रिया करण्याआधीच निकाल पक्का करणं कंपनीच्याही फायद्याचं.

आणि तरीही सर म्हणाले की तुझी मोजणीच चुकीची, तर परभणीच्या सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळेत फी भरून सर्व्हिस सॅम्पल पाठवता येतं. तू सरळ विचार, ‘सर, पाठवू या का?’ आकड्यावर खरंच विश्वास असलेला माणूस याला नाही म्हणत नाही.

दादांशी बोल, पण लॅबमध्ये नको. सगळ्यांच्या देखत बोललीस तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल, आणि ते उत्तर तुझ्या विरोधातच असेल. सुट्टीनंतर चहाच्या टपरीवर गाठ. ‘तुम्ही खोटं करता’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. त्यांना ते माहीत आहे. साधं म्हण, “दादा, मोजायला तुम्हीच शिकवलंत. फेरचाचणीचे रोल माझ्या शेजारी बसून मोजा. तुमचे जे निघतील ते मी मान्य करीन. पण न मोजलेल्यावर माझी सही मागू नका.” आपणच शिकवलेल्या पोरीनं असं म्हटल्यावर माणूस विचारात पडतो. मुलीच्या फीचा विषय तू काढू नकोस. त्यांनी काढला तर ऐकून घे, त्यांची अडचण खरी आहे आणि तिला तुझ्याकडं उत्तर नाही. इन्सेन्टिव्ह पास झालेल्या लॉटवर बांधलेला असेल तर मूळ दुखणं तिथंच आहे, लॅबच्या माणसाला असा इन्सेन्टिव्ह देणं हीच चूक. ती दादांनी केलेली नाही. ही गोष्ट मालकापर्यंत गेली पाहिजे, आणि ती दादांच्या तोंडून गेली तर जास्त ऐकली जाईल.

यानंतर सरांना लेखी. लांबलचक नको, उपदेश तर मुळीच नको. साधारण असं: “लॉट क्रमांक अमुक. आठव्या दिवसाची माझी मोजणी सरासरी ६४, त्यात ॲबनॉर्मल २३, डेड १३. ७२ ची नोंद असलेल्या शीटमधली मोजणी मी केलेली नसल्यानं त्यावर सही करू शकत नाही. गार्ड सॅम्पलमधून फेरचाचणी लावायची परवानगी द्यावी.” कंपनीच्या मेलवरून कंपनीच्याच मेलवर. शेवटी प्रश्न किंवा विनंती असू दे, म्हणजे सरांना ‘हो’ म्हणायला जागा राहते. पुष्कळ वेळा वरिष्ठाला मागं यायचंच असतं, पण ज्युनिअरपुढं वाकल्यासारखं दिसतं म्हणून तो येत नाही. ‘फेरचाचणी’ या शब्दात त्याची अब्रू राहते.

घरी एका वहीत तारीखवार लिहून ठेव, काय मोजलं, कोण काय म्हणालं. पण कंपनीच्या शीटचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवणं, ग्रुपवर टाकणं, ओळखीच्या पत्रकाराला देणं, यातलं काही करू नकोस. एकदा ते बाहेर गेलं की चर्चा बियाण्यावरून उठून तुझ्यावर येते.

लॉट अजून गोदामात आहे तोवर हे सगळं घरातलं भांडण आहे. मेलला उत्तर आलं नाही तर क्वालिटीच्या प्रमुखाकडं, तिथंही नाही तर मालकाकडं जा. जालन्यातल्या बऱ्याच बियाणे कंपन्या घरच्या आहेत, मालक रोज ऑफिसात बसतो, आणि लॅबमध्ये काय चालतं ते त्याला ठाऊक नसतं असंही होतं. त्याला पैशाच्या भाषेत सांग. बियाणे कायदा १९६६ चा. पहिल्या गुन्ह्याला दंड ५०० रुपयांपर्यंत, त्याला कुणी भीत नाही, ते बरोबरच आहे. पण २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचात (आताच्या ग्राहक आयोगात) भरपाई मागू शकतो. शेतकरी सगळं बी पेरतो, तपासणीसाठी मागं ठेवत नाही, हेही न्यायालयानं ध्यानात घेतलं. एका लॉटच्या किती बॅगा, किती गावं, एकरी किती नुकसान, हा हिशोब मालकाला तुझ्यापेक्षा लवकर येतो.

आणि लॉट डीलरकडं गेलाच तर? मग तो घरातला विषय राहत नाही. गुणनियंत्रणाचे निरीक्षक जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडं असतात. ते दुकानातून नमुना घेतात, त्याचे तीन भाग करतात, एक विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला, एक राखून. लॉट क्रमांक सांगून नमुना घ्यायला सांगणं एवढंच तुझं काम, निकाल सांगणं नाही. इथं मी तुला खोटा धीर देणार नाही. २०१४ चा जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा सरकारी नोकरांच्या गैरकारभाराविषयीच्या तक्रारींसाठी आहे, तुझ्यासारख्या खासगी नोकरीतल्या मुलीला त्याचा आधार नाही. नाव बाहेर आलं तर नोकरी जाऊ शकते. तरी मी तुझ्या जागी असतो तर पेरणीआधी ते करीन, जूननंतर नाही. जूननंतरच्या तक्रारीला पंचनाम्यापलीकडं किंमत उरत नाही.

डब्याचं थोडक्यात. तू स्वतःहून त्यांच्यात जाऊन बस. फुगून बाजूला बसू नकोस आणि ‘मी प्रामाणिक, तुम्ही नाही’ असा चेहरा करून तर अजिबात नको. कुणाचं रजिस्टर मागं पडलं असेल तर लिहून दे, आधी देत होतीस तसंच. मॅनेजरला मात्र विचार, की ‘टीम प्लेयर नाही’ म्हणजे कोणतं काम मी केलं नाही, तेवढं मेलवर लिहून द्याल का. बहुतेक ते लिहिणार नाहीत.

बाबांवर रागावू नकोस. ज्यानं दुबार पेरणीचा पैसा कुठून उभा केला ते त्याचं त्यालाच माहीत, त्याला लेकीचा महिन्याचा पगार फार मोठा दिसतो. त्यांच्याशी कायद्याचं बोलू नकोस. त्यांना सांग, की घरचं बियाणं पेरणार असाल तर गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण काढू या. चौसष्ट निघाली तर काय करायचं ते त्यांना नक्की कळेल: तीस किलोच्या जागी तेहतीस किलो पेरायचं. त्यांना हे करता येतं, कारण त्यांना खरा आकडा माहीत असतो. बॅग विकत घेणाऱ्याच्या हातात हा उपाय नसतो, त्याच्या लेबलवर ७० छापलेलं असतं. हे त्यांनी स्वतः दाणे मोजताना बोललीस तर त्यांना पटेल असं मला वाटतं. नाही पटलं तरी बियाण्याचा अंदाज तर येईल.

राहिला राजीनामा. आज दिलास तर तुझ्या जागी येणारा मुलगा पहिल्याच दिवशी ७२ वर सही करील, त्याला कुणी काही सांगितलेलंही नसेल. म्हणून आधी वरचं सगळं करून बघ. त्याचबरोबर शांतपणे तयारी सुरू कर, त्यात काही अप्रामाणिक नाही. बियाण्याच्या कामाला जालन्यात तोटा नाही. बीजोत्पादनात उतरलेल्या शेतकरी कंपन्या आहेत, महाबीज आहे, खासगी तपासणी लॅब आहेत. सगळ्यांना उगवण मोजता येणारी माणसं लागतात. आतापर्यंतच्या कामाचा अनुभवाचा दाखला कुठल्याही निमित्तानं, भांडण वाढायच्या आत, मागून घे. मुलाखतीत आधीच्या कंपनीची निंदा करू नकोस. नोकरी का सोडता असं विचारलं तर ‘मोजणीच्या पद्धतीवर एकमत झालं नाही’ एवढं पुरे. लॅबमधल्या माणसाला त्यातलं सगळं समजतं. जो हे ऐकून पुढचा प्रश्न विचारील, त्याच्याकडं जा. जो विषय बदलील, त्याच्याकडं पगार जास्त असला तरी दोनदा विचार कर.

फेरचाचणीचे रोल लागले की मला कळव. ॲबनॉर्मलचे प्रकार वेगवेगळे मोजून पाठव, तुटलेली बीजपत्रं किती, चिरलेले दांडे किती, मूळ न फुटलेली किती. त्यावरून मार मळणीत बसला की ग्रेडिंगमध्ये, याचा अंदाज आपण दोघं मिळून काढू.